उभ्या गाडीची निगा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

वाहन अनेक महिने न वापरता उभे ठेवायचे असेल तर काय करावे, असे विचारणारी पत्रे या वेळी इतकी आली आहेत की संपूर्ण सदर त्याच विषयाला द्यावे असे आम्ही ठरवले. कोणी मुलाकडे परदेशी निघाले आहे, कोणाचे कुटुंब ऊसतोडीला जाते, कोणी नोकरीसाठी शहरात गेल्याने गावातील ट्रॅक्टर शेडमध्ये उभा आहे. या विषयावर सहज मिळणारे सल्ले बहुधा बर्फ पडणाऱ्या देशांसाठी लिहिलेले असतात. रेडिएटरमधील पाणी गोठण्याची भीती मराठवाड्यात नाही. आपल्याकडे भीती आहे ती मार्च ते मे या काळातील चाळीस अंशांपुढच्या उन्हाची, त्यानंतरच्या दमट पावसाळ्याची आणि सुगी संपल्यावर शेतातून घराकडे वळणाऱ्या उंदरांची. म्हणून गाडी किती महिने उभी राहणार याइतकेच ती कोणत्या महिन्यांत उभी राहणार हेही महत्त्वाचे आहे, आणि पुढील उत्तरे त्या दृष्टीने वाचावीत.

प्रश्न : मी निवृत्त मुख्याध्यापक आहे. मार्चअखेर आम्ही पती-पत्नी मुलाकडे कॅनडाला जात असून सप्टेंबरमध्ये परत येऊ. आमची पेट्रोलवर चालणारी छोटी कार सात वर्षे जुनी आहे. ती अंगणात कडुलिंबाखाली उभी असते. मागील बाजूस पत्र्याचे शेडही आहे. शेजाऱ्यांनी दर रविवारी दहा मिनिटे गाडी चालू करून ठेवण्याचे कबूल केले आहे. टाकी भरून ठेवावी की रिकामी करावी? बॅटरीची वायर काढावी का? आणखी कोणती काळजी घ्यावी? — एक वाचक, लातूर

उत्तर : आपण सर्वांत कठीण सहा महिने निवडले आहेत, कारण त्यांत कडक उन्हाळा आणि जवळजवळ संपूर्ण पावसाळा असे दोन्ही येतात. त्यामुळे आपल्या पत्राचे उत्तर सविस्तर देत आहोत. इतर वाचकांनाही त्यातील बराचसा भाग उपयोगी पडेल.

प्रथम शेजाऱ्यांच्या रविवारविषयी. त्यांचा सद्भाव मोलाचा आहे, तरीही त्यांना गाडी अशा रीतीने चालू करू देऊ नका. एक लिटर पेट्रोल जळताना साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. इंजिन आणि सायलेन्सर पुरेसे तापले तर ही वाफ बाहेर निघून जाते. परंतु जागेवर दहा मिनिटे चालवलेल्या गाडीचा सायलेन्सर शेवटपर्यंत थंडच राहतो, आणि तीच वाफ आत पाणी होऊन साचते. काही ओलावा इंजिन ऑइलमध्येही उतरतो. त्याचबरोबर स्टार्टर फिरवताना बॅटरीतून जी वीज जाते ती दहा मिनिटांच्या संथ चालण्याने पुरती भरून येत नाही, म्हणजे दर रविवारी बॅटरी थोडी थोडी खालीच जाते. शेजाऱ्यांना चांगले चालवता येत असेल आणि आपला त्यांच्यावर विश्वास असेल, तर त्यांनी तीन आठवड्यांतून एकदा गाडी औसा किंवा रेणापूर रस्त्याने पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणावी, हा सर्वांत उत्तम मार्ग आहे. ते शक्य नसेल तर गाडीला अजिबात हात लावू नये आणि ती पूर्ण तयारी करून शांत उभी ठेवावी. या दोन्हींच्या मधला मार्ग गाडीचे नुकसान करतो.

आता जागेचा विचार. कडुलिंबाची सावली माणसाला कितीही सुखद वाटली तरी सहा महिने उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी ती जागा योग्य नाही. मोहोर आणि निंबोळ्या काचेखालच्या जाळीत साचून पाणी वाहून जाण्याची भोके बुजवतात, आणि पक्ष्यांची विष्ठा उन्हात तापली की रंगाचा वरचा थर कायमचा डागाळते. शिवाय लातूरची जमीन काळी आहे. पावसात ती फुगते, मऊ होते आणि चाके रुततात. गाडीच्या पोटाखाली सतत ओल राहून लोखंडी भाग गंजतात. म्हणून गाडी शेडमध्येच ठेवा आणि चाकांखाली शहाबादी फरशी किंवा निदान दाबलेला मुरूम असेल असे पाहा. शेड तिन्ही बाजूंनी बंद असेल तर वरच्या अंगाला वारा खेळण्यास वाट हवी, कारण बंद पत्र्याखाली दुपारची हवा बाहेरच्यापेक्षाही अधिक तापते, आणि बॅटरी, टायर व रबरी नळ्या या तिन्हींचे आयुष्य उष्णतेने कमी होते. गाडीवर आच्छादन घालायचे ते जाड सुती किंवा हवा आरपार जाऊ देणारे असावे. प्लास्टिकचा ताडपत्रीसारखा कागद थेट अंगावर टाकला तर पावसाळ्यात त्याच्या आत घाम धरतो. आच्छादन घालण्यापूर्वी गाडी स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवावी. धूळ तशीच राहिली तर वळवाच्या वाऱ्यात हलणारे कापड रंगावर बारीक ओरखडे काढत राहते.

पेट्रोलबद्दल आपल्यासारखाच प्रश्न अनेकांनी विचारला आहे. टाकी भरलेली ठेवा. अर्धी टाकी म्हणजे अर्धी हवा, आणि त्या हवेतील ओलावा पेट्रोलमध्ये उतरतो. पंपावर आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि इथेनॉलला ओलावा ओढून घेण्याची सवय आहे. पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी वेगळा थर धरतात, आणि इंधनपंप नेमका तळातूनच ओढतो. मात्र टाकी भरताना नळी आपोआप बंद झाल्यावर आग्रहाने आणखी घालून घेऊ नका. चाळीस लिटर पेट्रोल वीस अंशांनी तापले तर त्याचे आकारमान पाऊण लिटरच्या आसपास वाढते, आणि त्यासाठी टाकीत मोकळी जागा लागते. इंधन टिकवणारे द्रावण मोठ्या सुट्या भागांच्या दुकानात मिळाले तर बाटलीवर सांगितलेल्या प्रमाणात घालावे आणि मग गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवावी, म्हणजे ते नळ्यांत आणि इंजेक्टरपर्यंत पोहोचते. सहा महिन्यांच्या आत परतणाऱ्यांनी टाकी भरून ठेवली आणि आल्यावर लगेच ताजे पेट्रोल मिसळले, तर सहसा अडचण येत नाही.

बॅटरीची वायर अवश्य काढावी. गाडी बंद असली तरी घड्याळ, चोरी रोखणारी यंत्रणा, किल्लीचा संदेश ऐकणारा भाग हे सर्व थोडी थोडी वीज घेत राहतात. हा वापर ३० मिलिअँपिअर धरला तर ३५ अँपिअर-अवरची बॅटरी दीड महिन्याच्या सुमारास पूर्ण रिकामी होते, आणि गाडी चालू होण्याइतकी ताकद त्याच्या बरीच आधी संपते. रिकाम्या अवस्थेत पडून राहिलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर कठीण थर बसतो, जो नंतर चार्ज करूनही सुटत नाही. प्रथम ऋण टोकाची वायर काढायची आणि जोडताना तीच शेवटी जोडायची. शक्य असल्यास बॅटरी गाडीतून काढून घरातील थंड, हवेशीर खोलीत ठेवावी आणि शेजाऱ्यांनी रविवारी गाडी चालू करण्याऐवजी दोन महिन्यांतून एकदा ती बॅटरीवाल्याकडून चार्ज करून आणावी. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीनंतर १२.६ व्होल्टच्या पुढे दाखवते, १२.४ च्या खाली गेली तर चार्ज करण्याची वेळ झाली असे समजावे. बॅटरी जमिनीवर ठेवली की उतरते, या समजुतीला आजच्या प्लास्टिकच्या डब्यातील बॅटरीच्या बाबतीत अर्थ उरलेला नाही. वायर काढण्यापूर्वी एक गोष्ट तपासून घ्या: वीज नसताना किल्लीचे बटण चालत नाही, म्हणून दार साध्या किल्लीने उघडते की नाही हे आधी पाहावे, आणि डिकीत काहीही अडकवून ठेवू नये, कारण काही गाड्यांची डिकी विजेशिवाय उघडत नाही. रेडिओला सांकेतिक क्रमांक लागत असेल तर तोही लिहून ठेवा.

इंजिन ऑइल परतल्यावर बदलू, असे बहुतेक जण म्हणतात. आमचे मत उलट आहे. वापरलेल्या ऑइलमध्ये ज्वलनातून आलेली आम्ले आणि ओलावा असतो, आणि सहा महिने बेअरिंगला लागून राहणारे ऑइल तेच असते. म्हणून जाण्यापूर्वी ऑइल आणि फिल्टर बदलावा आणि गाडी थोडी चालवून नवे ऑइल सर्वत्र फिरवावे. रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी घातलेले असेल तर ते काढून योग्य कूलंट भरून घ्या. आपल्याकडील जड पाण्याने आत क्षार बसतात. कूलंट गोठण्यापासून वाचवते हे खरे असले तरी आपल्याला त्याचा उपयोग आहे तो गंज रोखण्यासाठी.

हँडब्रेक ओढून ठेवू नका. पावसाळ्याच्या दमट हवेत ब्रेकचे शू ड्रमला चिकटून बसतात आणि परतल्यावर चाक फिरतच नाही. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे लावावेत. टायरमध्ये नेहमीपेक्षा चार-पाच पौंड हवा अधिक भरावी, मात्र टायरच्या कडेवर छापलेल्या कमाल आकड्याच्या पुढे जाऊ नये. वायपर काचेला चिकटू नयेत म्हणून पात्याखाली सुती कापडाची घडी ठेवली तरी पुरे.

उंदरांसाठी गाडीतील खाण्याचा कणनकण काढणे हा पहिला उपाय आहे. बिस्किटाचा चुरा, शेंगदाण्याची टरफले आणि देवाच्या प्रसादाची पुडी यांतून काहीही मागे राहू देऊ नका. शेडमध्ये कडब्याच्या पेंढ्या, धान्याची पोती किंवा सरकी असेल तर गाडी तिथे ठेवू नये. सायलेन्सरच्या तोंडात आणि एअर फिल्टरच्या हवा ओढणाऱ्या नळीत तारेची बारीक जाळी बसवा आणि तशी चिठ्ठी स्टिअरिंगला बांधून ठेवा, म्हणजे ती न काढता कोणी गाडी चालू करणार नाही. एसीच्या हवेच्या झडपेचा खटका आतलीच हवा फिरवण्याच्या स्थितीत ठेवावा, म्हणजे बाहेरून आत येण्याची वाट बंद राहते. शेड बंदिस्त असेल तर बोनेट उघडे ठेवण्याची पद्धत चांगली आहे. उंदराला अंधारी, बंद जागा हवी असते. डांबर गोळ्या गाडीच्या आत ठेवू नयेत, त्यांचा वास आसनांत मुरतो आणि तो श्वसनालाही चांगला नाही.

प्रश्न : आई-वडील आणि मोठा भाऊ दर वर्षी दसऱ्यानंतर टोळीबरोबर कारखान्यावर जातात आणि पट्टा पडल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. मी वसतिगृहात शिकतो. घरी आजोबा असतात, परंतु त्यांना गाडी चालवता येत नाही. भावाची मोटारसायकल २०१३ ची आहे. परत आल्यावर ती चालू होत नाही आणि मिस्त्री दर वर्षी कार्ब्युरेटर साफ करण्याचे पैसे घेतो. हे टाळता येईल का? — एक विद्यार्थी, धारूर तालुका, जि. बीड

उत्तर : नक्की टाळता येईल, आणि त्यासाठी एक पैसाही लागत नाही. कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग; त्याच्या खालच्या वाटीत थोडे पेट्रोल कायम साठलेले असते. गाडी उभी राहिली की त्यातील हलका भाग काही आठवड्यांत उडून जातो आणि मागे चिकट, पिवळसर थर उरतो, जो जेटच्या, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक नळीच्या, केसाएवढ्या छिद्रात बसतो. मिस्त्री दर वर्षी तोच थर काढतो. तो बसूच नये यासाठी घर सोडण्याच्या दिवशी भावाने पेट्रोलचा कॉक बंद करून गाडी तशीच चालू ठेवावी. दोन-चार मिनिटांत वाटीतील पेट्रोल संपून ती आपोआप बंद पडेल. वाटीच्या तळाशी निचऱ्याचा छोटा स्क्रू असतो, तो सैल करून उरलेले थेंबही बाटलीत काढता येतात. हे काम उघड्यावर, चूल आणि विडीपासून दूर करावे. परतल्यावर कॉक उघडून मिनिटभर थांबायचे, चोक ओढायचा आणि किक मारायची.

टाकी भरून ठेवावी, कारण लोखंडी टाकीचा जो भाग पेट्रोलबाहेर राहतो तो आतून गंजतो आणि तो गंज पुढे कॉकच्या जाळीत येतो. भरलेल्या टाकीचे पैसे हंगामाच्या तोंडावर अडकवणे प्रत्येक घराला परवडत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. उचलीच्या पैशातून आधी घरातील धान्य आणि तुमचा शाळेचा खर्च भागायला हवा. तसे असेल तर टाकी पूर्ण रिकामी करून, झाकण उघडे ठेवून वाळवावी आणि आतून दोन-तीन चमचे इंजिन ऑइल फिरवून झाकण घट्ट लावावे. अर्धवट भरलेली टाकी तेवढी टाळावी. तुमच्या घरच्यांनी तोडलेल्या उसाच्या रसापासून आणि मळीपासून काढलेले इथेनॉलही त्या पेट्रोलमध्ये असू शकते, आणि ओलावा ओढून घेते ते इथेनॉलच.

तुमच्या बाबतीत अनुकूल गोष्ट अशी की ऑक्टोबर ते मार्च हा काळ कोरडा आणि थंड असतो. मोटारसायकलची बॅटरी लहान असते, तेव्हा ती काढून आजोबांच्या खोलीत ठेवावी आणि संक्रांतीच्या सुमारास तुम्ही गावी गेलात तर एकदा चार्ज करून आणावी. साखळीला धुऊन ग्रीस किंवा जाड तेल लावावे. गाडी मधल्या स्टँडवर उभी करून पुढच्या चाकाखाली लाकडी पाटी द्यावी. हरभरा आणि ज्वारी निघाल्यावर उंदीर घरात येतात, आणि मोटारसायकलच्या आसनाखालचा एअर फिल्टरचा डबा त्यांना घरटे करण्यासाठी फार आवडतो. सायलेन्सरच्या तोंडात आणि त्या डब्याच्या भोकाला जाळी लावा. आजोबांना गाडी चालवता येत नसली तरी आठवड्यातून एकदा चाक हाताने थोडे फिरवून ठेवणे आणि आसन उचलून आत पाहणे ते सहज करू शकतील.

प्रश्न : वडिलांच्या निधनानंतर शेती बटाईने दिली आहे. बटाईदाराकडे स्वतःची अवजारे आहेत, त्यामुळे आमचा ट्रॅक्टर आणि मळणी यंत्र वर्षातील बहुतेक काळ आखाड्यावर उभे असते. ट्रॅक्टर विकण्याची इच्छा नाही. त्याची काळजी कशी घ्यावी? — एक वाचक, जिंतूर, जि. परभणी

उत्तर : वडिलांची आठवण म्हणून ट्रॅक्टर ठेवायचा असेल, तर तो चालू स्थितीत राहील अशी व्यवस्था करणे हेच योग्य आहे. डिझेलचे शत्रू दोन: पाणी आणि त्या पाण्यात वाढणारे सूक्ष्म जीव. टाकीच्या रिकाम्या भागात दिवसा-रात्रीच्या तापमानातील फरकाने दव धरते, ते तळाशी बसते, आणि डिझेल व पाणी जिथे एकमेकांना टेकतात तिथे काळपट, बुळबुळीत थर वाढतो, जो फिल्टर बुजवतो. म्हणून टाकी भरलेली ठेवावी आणि फिल्टरच्या तळाशी असलेला निचऱ्याचा स्क्रू सैल करून साचलेले पाणी दर दोन-तीन महिन्यांनी काढावे. उभा सायलेन्सर उघडा राहिला तर पहिल्याच वळवात पाणी थेट इंजिनात जाते. त्यावर पत्र्याचा डबा उलटा घालण्याची गावाकडील पद्धत अगदी बरोबर आहे; तो वाऱ्याने उडू नये म्हणून तारेने बांधावा.

ट्रॅक्टरच्या बाबतीत एक गोष्ट हमखास विसरली जाते, ती म्हणजे क्लच. अनेक महिने न वापरलेल्या ट्रॅक्टरची क्लचप्लेट दमट हवेत गंजून फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाला, चिकटते, आणि मग पेडल दाबले तरी गिअर पडत नाही. ती सोडवण्यासाठी काही वेळा ट्रॅक्टर मधून फोडावा लागतो. उपाय सोपा आहे. क्लचचे पेडल पूर्ण दाबून लाकडी दांडका लावून किंवा कडीने तसेच अडकवून ठेवावे. हायड्रॉलिकवर नांगर किंवा रोटाव्हेटर लटकवून ठेवू नये; अवजार जमिनीवर फळीवर टेकवावे आणि लिव्हर खाली करावा. सर्व ठिकाणी ताजे ग्रीस भरावे, म्हणजे जुन्याबरोबर आतील ओल आणि माती बाहेर पडते. मोठी टायर उन्हाने चिरतात, तेव्हा शेड नसेल तर निदान चाकांवर जुनी पोती टाकावीत.

ट्रॅक्टर अधूनमधून चालवण्याची सोय असेल तर बटाईदारालाच महिन्यातून एकदा तो बांधावरून तासभर फिरवू द्यावा आणि त्याच्या डिझेलचे पैसे आपण द्यावेत. त्यात दोघांचाही लाभ आहे. मळणी यंत्रातील दाणा पूर्ण काढून पट्टे उतरवून ठेवावेत, कारण ताणलेला पट्टा एकाच जागी वाकून राहतो आणि उरलेला दाणा उंदरांना बोलावतो.

प्रश्न : मी वर्षभरासाठी आखाती देशात कामावर जात आहे. माझी डिझेल गाडी २०२१ ची, बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे मानक) प्रकारची असून तिच्यात धूर स्वच्छ करण्यासाठी युरियाचे द्रावण घालावे लागते. वर्षभराचा काळ मोठा आहे, म्हणून विशेष काही करावे लागेल का? — एक वाचक, नांदेड

उत्तर : होय. त्या द्रावणात ३२.५ टक्के युरिया आणि उरलेले शुद्ध पाणी असते, आणि उष्णतेत ते टिकत नाही. सतत ३० अंशांवर ते साधारण वर्षभर आणि ३५ अंशांवर सुमारे सहा महिने चांगले राहते असे त्याच्या आंतरराष्ट्रीय मानकात धरले आहे. नांदेडचा उन्हाळा त्याच्याही पुढचा आहे, तेव्हा परतल्यावर जुने द्रावण काढून नवे भरावे लागेल, असे गृहीत धरून जाताना ती टाकी काठोकाठ भरू नका. जाण्यापूर्वी गाडी हमरस्त्यावर अर्धा-पाऊण तास एकसारख्या वेगाने चालवा, म्हणजे धुराच्या फिल्टरमधील काजळी जळून जाईल.

वर्षभरासाठी गाडी चार मजबूत लोखंडी स्टँडवर उचलून ठेवणे चांगले. स्टँड पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच लावावेत आणि खाली पक्की फरशी असावी. विटांची चळत रचून तिच्यावर गाडी कधीही ठेवू नये. वीट दाबाखाली अचानक फुटते आणि खाली कोणी असेल तर जीव जातो. डिझेल, बॅटरी, ऑइल आणि उंदीर यांविषयी लातूर व जिंतूर येथील वाचकांना दिलेली उत्तरे पाहावीत. ब्रेक ऑइल हवेतील पाणी शोषून घेते, म्हणून ते दोन वर्षे जुने असेल तर परतल्यावर बदलून घ्यावे.

प्रश्न : माझ्याकडे विजेवर चालणारी स्कूटर आहे. बाळंतपणासाठी मी चार महिने माहेरी जाणार आहे. घरी कोणी नाही. चार्जर लावून ठेवला तर चालेल का? — एक वाचक भगिनी, जालना

उत्तर : चार्जर लावून घर बंद करू नका. लिथियम बॅटरी पूर्ण भरून ठेवली तरी झिजते आणि पूर्ण रिकामी ठेवली तर कायमची निकामी होऊ शकते. तिला ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान ठेवणे सर्वांत चांगले. बॅटरी काढता येत असेल तर ती घरातील सर्वांत थंड खोलीत, स्वयंपाकघर आणि देवघरातील दिव्यापासून दूर ठेवावी. काढता येत नसेल तर स्कूटर गच्चीखालच्या किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवू नका, तळमजल्यावरील खोली बरी. दीड-दोन महिन्यांनी कोणा नातेवाइकाने येऊन टक्केवारी पाहावी आणि ती ३० च्या खाली गेली असेल तर पुन्हा निम्म्यापर्यंत चार्ज करावी. काही स्कूटरमध्ये दिव्यांसाठी वेगळी लहान १२ व्होल्टची बॅटरी असते आणि तीच आधी उतरते. तिच्याविषयी आपल्या पुस्तिकेत काय सांगितले आहे ते जाण्यापूर्वी पाहून घ्यावे.

प्रश्न : गाडी आठ महिने चालवायचीच नसेल तर विमा कशाला भरायचा? — एक वाचक, तुळजापूर, जि. धाराशिव

उत्तर : मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार सार्वजनिक जागी वापरल्या जाणाऱ्या वाहनाला तृतीय पक्षाचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे इतरांचे झालेले नुकसान भरून देणारा, विमा आवश्यक आहे. गाडी घरासमोरच्या रस्त्यावर उभी असेल तर ती चालत नाही, म्हणून विमा नको, असा युक्तिवाद करण्यात धोका आहे. विम्याविना गाडी वापरल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि समजा गाडी बंद वाड्यात आहे. तरी आग, चोरी आणि पूर यांना गाडी चालू असण्याची गरज नसते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात झालेली गारपीट आपल्याला आठवत असेल. अशा वेळी उभ्या गाडीच्या काचा आणि पत्रे यांचे नुकसान स्वतःच्या गाडीचा विमा असेल तरच भरून मिळते. शिवाय विमा संपून ९० दिवस उलटले की दावा न केल्याबद्दल साचलेली सवलत जाते, आणि ती ५० टक्क्यांपर्यंत असू शकते. परदेशी किंवा परगावी असताना मुदत संपणार असेल तर जाण्यापूर्वीच नूतनीकरण करून घ्यावे. खासगी गाडीची १५ वर्षांची नोंदणी त्याच काळात संपत नाही ना, हेही पाहावे.

प्रश्न : भावाची पेट्रोल कार चौदा महिने बंद आहे. कोणतीही तयारी न करता ती ठेवली गेली. आता ती चालू करायची आहे. मिस्त्रीला बोलावण्यापूर्वी आम्ही काय पाहावे? — एक वाचक, सिडको, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : सर्वांत आधी, किल्ली फिरवू नका. बोनेट उघडून वायर कुरतडल्या आहेत का, इंजिनावर घरटे आहे का आणि एअर फिल्टरच्या डब्यात धान्य किंवा चिंध्या आहेत का, हे उजेडात पाहा. इंजिनावरील घरटे तसेच राहिले तर तापल्यावर पेट घेते. गाडीखाली तेलाचा किंवा ब्रेक ऑइलचा डाग दिसतो का तेही पाहा. मग टाकीचे झाकण उघडून वास घ्या. पेट्रोलला वार्निशसारखा आंबूस वास येत असेल तर ते इंजिनापर्यंत जाऊ देऊ नये. मिस्त्रीकडून टाकी रिकामी करून घ्यावी आणि इंधनाचा फिल्टर बदलावा. चौदा महिन्यांनंतर तसा वास येण्याची शक्यता फार आहे.

ऑइल आणि फिल्टर चालू करण्याआधीच बदलावा. बॅटरी बहुधा नवीच घ्यावी लागेल. चार्ज करून १२.४ व्होल्टच्या वर ती टिकते का, हे एक दिवस थांबून पाहिल्यावर निर्णय घ्या. दुसऱ्या गाडीची वायर जोडून चालू करण्याची घाई करू नका. टायरच्या कडेवरील तारखेच्या चार आकड्यांपैकी पहिले दोन तो बनल्याचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात. टायर सहा-सात वर्षांपुढचे असून कडेला चिरा असतील तर नक्षी शिल्लक असली तरी ते बदलावेत, विशेषतः समृद्धी महामार्गावर जायचे असेल तर.

किल्ली दोन-तीन वेळा फक्त दिवे लागेपर्यंत फिरवून थांबा, म्हणजे पंप इंधन पुढे ढकलेल. गाडी चालू झाल्यावर ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला नाही तर लगेच बंद करा. पहिल्या काही मिनिटांत सायलेन्सरमधून पाणी आणि पांढरी वाफ येणे स्वाभाविक आहे. निळसर धूर सतत येत राहिला तर मिस्त्रीला दाखवावे. त्यानंतर गल्लीतच चालण्याच्या वेगाने गाडी पुढे-मागे घेऊन ब्रेक तपासा. डिस्कवरील गंजामुळे पहिल्या पाच-सात वेळा खरखर येते आणि मग ती जाते. परंतु पेडल हळूहळू खाली जात असेल, स्पंजासारखे लागत असेल किंवा एखादे चाक तापून वास येत असेल, तर गाडी चालवत गॅरेजपर्यंत नेऊ नका. चाके मोकळी फिरत असतील तरी ब्रेकविना दोरीने टोचन करणेही धोक्याचे आहे. अशा वेळी क्रेन बोलावून गाडी उचलून न्यावी.